नाळेचे रक्त आणि एक घाईचे उत्तर



मराठी भाषेत ‘नाळ’ हा शब्द केवळ शरीराचा राहिलेला नाही. तो भूमीचाही झाला आहे. माणूस मुंबईच्या गोदीत चाळीस वर्षे काढतो, आखातात तारुण्य खर्ची घालतो आणि म्हातारपणी सांगतो की माझी नाळ देवरूखला पुरली आहे. आपल्या कोकणी मुस्लिम घरांत हे नुसते बोलणे नव्हते. बाळ जन्मले की वार आणि नाळ परसात, माडाच्या नाही तर फणसाच्या अंगाने, कुत्र्यामांजरांना उकरता येणार नाही इतकी खोल पुरली जात असे. शेजारच्या हिंदू घरांतही हीच रीत. बाळंतपण घरी होई तोवर तिच्यात काही अडचण नव्हती. पुढे, आमच्या गावापुरते बोलायचे तर, इंदिराबाई हळबे यांनी, म्हणजे साऱ्या तालुक्याच्या मावशींनी, १९५४ साली दोन खाटांच्या प्रसूतिगृहाने मातृमंदिराचा आरंभ केला आणि बाळंतिणी हळूहळू माजघरातून दवाखान्यात जाऊ लागल्या. आता मुले नोकरीनिमित्त पुण्याला असतात आणि नातवंडांचे जन्मही तिकडेच होतात. आजीच्या मनातली नाळ मात्र अजून परसातच आहे.

तीन वर्षांपूर्वी असरच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातील एक वृद्ध दादी मशिदीच्या पायरीपाशी माझी वाट पाहत उभ्या होत्या. त्यांची नातसून पुण्यात होती, दिवस भरत आले होते. तेथील दवाखान्याने एक कागद पुढे केला होता: प्रसूतीनंतर नाळेत उरणारे रक्त संशोधनासाठी देण्यास तुमची संमती आहे काय? दादींचा प्रश्न सरळ होता. “मौलाना, नाळेचं रक्त असं देऊन टाकायचं का? त्यातून म्हणे दुसऱ्याच कसल्या पेशी करतात. हे अल्लाहच्या कामात हात घालणं नाही का?”

मी क्षणभरही थांबलो नाही. सूरह निसाच्या ११९ व्या आयतीत सैतानाची एक प्रतिज्ञा आली आहे. मी माणसांना आज्ञा करीन आणि ती अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करतील, अशा आशयाची. ती मी दादींना ऐकवली आणि म्हणालो, “देऊ नका. पुरून टाका.” त्यांनी नातवाला फोन केला. कागदावर सही झाली नाही.

सहा महिन्यांनी तो नातू ईदसाठी गावी आला. नाळ कुठे पुरली, असे मी सहज विचारले. तो ओशाळला. पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात पुरणार कुठे? त्याने काहीच मागितले नव्हते. वार, नाळ आणि तिच्यातील रक्त सारे नियमाप्रमाणे पिवळ्या पिशवीत गेले होते. ही पिशवी मानवी अवयवांच्या कचऱ्याची असते आणि ती भट्टीत जाळण्यासाठी जाते. माझ्या उत्तराने ते रक्त ना मातीला मिळाले, ना कुणाच्या कामी आले. ज्याचा अवमान होऊ नये म्हणून मी इतका तत्पर होतो, ते जळाले.

इमाम मालिक यांच्याविषयी मदरशात शिकवलेली एक गोष्ट त्या रात्री मला आठवली. त्यांना अठ्ठेचाळीस प्रश्न विचारले गेले आणि त्यांपैकी बत्तीस प्रश्नांना त्यांनी ‘मला ठाऊक नाही’ असे उत्तर दिले, असे विद्वानांनी नोंदवून ठेवले आहे. मी तो प्रसंग वहीत लिहून घेतला होता, त्याखाली रेघही ओढली होती. परंतु मशिदीच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसासमोर ‘ठाऊक नाही’ म्हणणे इमामाला जड जाते. लोकांनाही ते आवडत नाही, हेही खरे.

म्हणून हा लेख. तो आपल्यापुढे ठेवण्याचा अधिकार मला ज्ञानामुळे नव्हे, चुकीमुळे मिळाला आहे. मी मराठीचा पदवीधर; विज्ञान दहावीनंतर सुटले. आमच्या गावातील जीवशास्त्राच्या एका शिक्षकांकडे इशाच्या नमाजनंतर बरेच दिवस बसून जे समजून घेतले, ते माझ्या शब्दांत सांगतो.

आपल्या रक्तातील पेशी झिजतात आणि त्यांच्या जागी नव्या येत राहतात. त्यांचा उगम मूळपेशींत असतो. मूळपेशी ही अजून काहीच झालेली नसलेली पेशी होय. ती तांबडी नाही, पांढरी नाही. तिच्यापुढे अनेक वाटा मोकळ्या असतात आणि तिने कोणती धरावी हे तिच्याभोवती कोणते रासायनिक संदेश आहेत यावर बरेचसे ठरते. मोठ्या माणसाच्या शरीरात या पेशी मुख्यतः हाडांतील मज्जेत राहतात. नाळेच्या रक्तातही त्या चांगल्या प्रमाणात सापडतात. बाळ बाहेर आले, नाळ कापली, की वारेत आणि नाळेच्या उरलेल्या भागात अर्धा पेलाभर रक्त राहते. प्रश्न त्या अर्ध्या पेल्याचा होता.

आता ‘दुसऱ्याच कसल्या पेशी’ म्हणजे कोणत्या? त्यांना डेंड्रायटिक पेशी म्हणतात. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लांगरहान्स या वैद्यकीय विद्यार्थ्याने कातडीत फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी पाहिल्या आणि त्या मज्जातंतूंच्या असाव्यात असे मानले. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १९७३ मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झानविल कोन यांनी उंदराच्या प्लीहेत अशाच पेशी शोधल्या, आणि झाड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांना नाव दिले. त्यांचे काम हळूहळू उलगडत गेले. कातडी, फुप्फुसे, आतडे अशा वेशीवरच्या जागी या पेशी बसलेल्या असतात आणि आसपास जे येईल त्याचे बारीक तुकडे गिळून तपासत असतात. जखम झाली, जंतू शिरले, धोक्याची खूण मिळाली, की त्या बदलतात, पक्व होतात आणि जागा सोडून लसिकाग्रंथीकडे निघतात. पायाला काटा लागून पिकला की जांघेत अवधाण येते, ते याच ग्रंथींमध्ये. तेथे टी-पेशी नावाचे सैनिक असतात. डेंड्रायटिक पेशी आपल्याजवळचा तुकडा त्यांच्यापुढे धरते आणि मग सैन्य उठते.

यातील दोन गोष्टी मला विशेष लक्षात ठेवण्यासारख्या वाटल्या. पहिली अशी की लढाई करणे हे या पेशीचे मुख्य काम नव्हेच. तिचे काम दाखवण्याचे आहे. आपल्या न्यायव्यवस्थेच्या भाषेत बोलायचे तर ती साक्षीदार आहे. काझीही नाही आणि शिपाईही नाही. दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. हीच पेशी अपक्व असताना एखादा तुकडा पुढे करते, तेव्हा टी-पेशी बहुधा शांत राहतात. हे शांत राहणेही आवश्यक असते, नाही तर शरीर खाल्लेल्या अन्नावर आणि स्वतःच्याच मांसावर तुटून पडेल. पक्व पेशी उठवते, अपक्व पेशी शांत ठेवते. तुकडा तोच असला तरी.

(अशा जागी आपल्या काही लेखकांना राहवत नाही. लसिकाग्रंथीत आयत सापडते, टी-पेशीत हदीस सापडते, आणि पाश्चात्त्यांनी शोधले ते आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीच होते असा निष्कर्ष निघतो. मला ही वाट मान्य नाही. पवित्र कुरआन हे मार्गदर्शन आहे. त्याला प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरज नाही, आणि उद्या विज्ञानाने आपले मत बदलले तर आपण काय बदलणार आहोत?)

कर्करोगाशी याचा संबंध असा. गाठ आपल्याच पेशींची बनलेली असते, त्यामुळे सैन्याला ती परकी वाटत नाही. शिवाय ती आपल्याभोवती असे वातावरण तयार करते की तेथे आलेल्या डेंड्रायटिक पेशी अपक्वच राहतात. साक्षीदार येतो, पण त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तेव्हा वैज्ञानिकांनी विचार केला की या पेशी शरीराबाहेर पक्व कराव्यात, त्यांना गाठीतील तुकड्याची ओळख करून द्यावी आणि मग परत सोडाव्यात. अडचण एवढीच की रक्तात त्या अगदी मोजक्या असतात. म्हणून त्या मूळपेशींपासून तयार करण्याचे प्रयत्न झाले. १९९२ साली फ्रान्समधील संशोधकांनी मूळपेशींना दोन विशिष्ट प्रथिनांच्या संगतीत वाढवून त्यांच्यापासून डेंड्रायटिक पेशी मिळवल्या.

आणि हे काम आपल्या महाराष्ट्रातही झाले आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तेथे डॉ. ललिता लिमये आणि डॉ. वैजयंती काळे यांच्या गटाने नाळेच्या रक्तातून पक्व आणि कार्यक्षम डेंड्रायटिक पेशी मोठ्या संख्येने मिळवण्याची दोन टप्प्यांची साधी पद्धत २००९ आणि २०१० साली प्रसिद्ध केली. पहिल्या टप्प्यात मूळपेशींची संख्या वाढू द्यायची, दुसऱ्यात त्यांना दिशा द्यायची. मग तपासायचे: ही पेशी तुकडे गिळते का, संदेश मिळताच जागा सोडून निघते का, टी-पेशींना उठवते का? दादींच्या दारात आलेला प्रश्न हा असा आपल्याच मुलखातला होता. मी मात्र तो अमेरिकेतून आल्यासारखा परतवून लावला.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. हा निर्मितीत फेरफार आहे काय?

माझे शिक्षक म्हणाले ते एक वाक्य मला पुरेसे झाले. त्यांनी विचारले, “मौलाना, तुम्ही ‘पेशी बनवतात’ असं म्हणता. पण यात बनवलं काय?” खरेच, काय बनवले? मूळपेशी कुणी घडवली नाही. तिच्या अंगी डेंड्रायटिक होण्याची क्षमता कुणी घातली नाही. ज्या प्रथिनांनी तिला वळवले ती प्रथिने माणसाच्या शरीरात आधीपासून हेच काम करीत आली आहेत. संशोधकाने फक्त ती परिस्थिती काचेच्या भांड्यात उभी केली. सूरह वाकिआमध्ये अल्लाह माणसाला विचारतो की तुम्ही जे पेरता ते तुम्ही उगवता की आम्ही? आमच्या भागात शेतकरी मृगात दाढीत भात पेरतो, तरवा काढतो, चिखलणी करून लावणी करतो. त्याने पेरू नये असा त्या प्रश्नाचा अर्थ आजवर एकाही भाष्यकाराने काढलेला नाही. पेरावे, आणि उगवणारा मी आहे असे मात्र समजू नये.

याहून जवळचे उदाहरण हापूसचे. रायवळ कोयीच्या रोपावर हापूसची काडी बांधून कलम करणे हा कोकणाचा पिढीजात उद्योग. तेथे तर आपण एका झाडावर दुसरे बसवतो. हा अल्लाहच्या निर्मितीत फेरफार आहे का, असे विचारायला आजपर्यंत एकही बागायतदार माझ्याकडे आलेला नाही! आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेला आले तेव्हा तेथील लोक खजुराच्या मादी झाडांवर नराचा फुलोरा बांधत असत. प्रेषितांनी (स.) त्याचा काही उपयोग असेल असे वाटत नाही, असे म्हटले, लोकांनी ते सोडले आणि पीक घटले. तेव्हा त्यांनी लोकांना सांगितले की आपल्या दुनियेच्या अशा गोष्टी तुम्ही अधिक जाणता. सहीह मुस्लिममधील ही हदीस मी अनेकदा शिकवली आहे. त्या दिवशी मशिदीच्या पायरीवर ती मला आठवायला हवी होती.

आणि सूरह निसामधील ती आयत? ती ज्या संदर्भात आली आहे तेथे अरब लोक देवतांच्या नावाने जनावरांचे कान चिरत असत त्याचा उल्लेख आहे. तेथील ‘निर्मिती’चा अर्थ अल्लाहने दिलेला मूळ स्वभावधर्म, म्हणजे दीन, असा काही ज्येष्ठ भाष्यकारांनी केला आहे; इतरांनी शरीराची विद्रूपता असा केला आहे. आजारावरील उपचार या दोन्हींत बसत नाही. उपचार करा, कारण अल्लाहने प्रत्येक रोगावर उपाय ठेवला आहे, हे तर प्रेषितांचे (स.) स्पष्ट मार्गदर्शन आहे. मी आयत योग्य उच्चारली, अयोग्य जागी ठेवली.

पुरण्याविषयीही थोडे. आपण कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफिई मताचे. आपल्या फिकहमध्ये शरीरापासून वेगळे झालेले केस, नखे इत्यादी पुरणे पसंत केलेले आहे. ते पसंत आहे, फर्ज नव्हे. आणि त्यामागे मानवी देहाचा सन्मान हे कारण आहे. जाळण्याच्या कचऱ्यात जाणे आणि कुणाच्या औषधाच्या शोधात जाणे, यांत सन्मान कशात अधिक आहे हे सांगायला मोठ्या विद्वत्तेची आवश्यकता नाही. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी रक्त देण्याचा विचार करताना रक्ताची तुलना आईच्या दुधाशी केली होती: दोन्ही देहाचे अंश, दोन्ही अवयव न कापता मिळणारे. मक्का येथील राबिताच्या इस्लामी फिकह परिषदेने डिसेंबर २००३ मधील सतराव्या अधिवेशनात नाळ आणि वार यांच्यातून मिळणाऱ्या मूळपेशी उपचारासाठी व वैध संशोधनासाठी घेण्यास संमती दिली. त्यासाठी गर्भाची हत्या करण्यास मात्र स्पष्ट मनाई केली. म्हणजे मी उत्तर दिले त्याच्या किती वर्षे आधी या प्रश्नाचा विचार होऊन गेला होता! मी तो वाचला नव्हता.

पण हे सारे समजल्यावर मी जर आता म्हटले की सर्व काही वैध आहे, निश्चिंत असा, तर ती दुसरी घाई होईल. पेशीला वळवण्यात गुन्हा नाही. गुन्हा दोन जागी घडू शकतो. एक, घेताना. दोन, सांगताना.

घेण्याचे आधी. नाळ कापली जाते त्या क्षणी तिच्यातील रक्तावर पहिला हक्क बाळाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की बाळ जन्मल्यावर किमान एक मिनिट थांबूनच नाळ बांधावी, म्हणजे वारेतील रक्त बाळाच्या अंगात उतरते आणि पुढे त्याला लोह कमी पडत नाही. संशोधनासाठी अधिक रक्त मिळावे म्हणून कुणी घाईने नाळ कापली, तर त्याने बाळाच्या ताटातले उचलले. स्वतःला वा दुसऱ्याला हानी नको, हे शरीअतचे मूलतत्त्व येथे लागू होते. मग आईची संमती. ती कळा देणाऱ्या बाईच्या हातात पेन कोंबून घ्यायची नसते. आधी, शांतपणे, तिच्या भाषेत सांगून घ्यायची असते. आणि किंमत. रक्ताची किंमत घेण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे, ती बुखारीत आहे. द्यायचे तर विनामूल्य. ‘तुमच्याच बाळासाठी’ म्हणून नाळेचे रक्त हजारो रुपये घेऊन साठवणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती आपण पाहतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा स्वतःपुरत्या साठवणीला शास्त्रीय आधार नसल्याचे म्हटले आहे. बाळाच्या नावाने भीती दाखवली की आईबाप हप्त्यानेही पैसे भरतात.

आता सांगण्याविषयी. येथे माझी दुसरी चूक आहे, आणि ती पहिलीपेक्षा मोठी आहे. लिहू की नको याचा मी बरेच दिवस विचार केला.

दादींच्या प्रसंगानंतर वर्षभराने आमच्या जमातीतील एका टेम्पोचालक गृहस्थांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. मोठ्या रुग्णालयाने उपचार केले आणि एका टप्प्यावर प्रामाणिकपणे सांगितले की आता वेदना कमी ठेवण्यापलीकडे फारसे काही हातात नाही. तेवढ्यात त्यांच्या धाकट्या भावाला एका शहरातील एका खाजगी केंद्राचे पत्रक मिळाले. तुमचेच रक्त घेऊन त्यातील अपक्व पेशींना आम्ही प्रशिक्षित करतो, त्या तुमच्या गाठीला ओळखतात आणि नष्ट करतात, दुष्परिणाम नाहीत, नोबेल पारितोषिकाने गौरवलेले विज्ञान. वर स्टाइनमन यांचे छायाचित्र. सहा इंजेक्शने, खर्च काही लाख.

जुम्याच्या नमाजनंतर मी स्वतः उभा राहून आवाहन केले. सलग तीन शुक्रवार. एका जिवाला वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे, हा सूरह माइदाचा आशय मी सांगितला आणि लोकांचे डोळे ओले झाले. पावतीपुस्तक बाजारपेठेत फिरले. हिंदू व्यापाऱ्यांनीही सढळ हाताने दिले. तरी रक्कम पुरी पडेना, तेव्हा त्या घराने काजूची बाग विकली. तिसरे इंजेक्शन झाले आणि रमजानच्या आधी ते गृहस्थ अल्लाहला प्यारे झाले.

मृत्यूची वेळ ठरलेली असते, यावर माझा विश्वास आहे. पण त्या विश्वासाच्या आड मला लपायचे नाही. जेथे दान विनामूल्य होते, सही ऐच्छिक होती आणि काम उघड्यावर होते, तेथे मी आयत सांगून अडवले. जेथे लाखांचा व्यवहार होता, तेथे मी आयत सांगून पैसे गोळा केले आणि एकही प्रश्न विचारला नाही. विज्ञान दोन्हीकडे एकच होते.

पत्रकातील एकेक वाक्य घेतले तर त्यात धडधडीत खोटे थोडेच सापडेल. प्रेषित (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीपाशी थांबले आणि त्यांनी आत हात घातला, वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले. जो फसवतो तो आमच्यातला नाही, हा इशारा त्या वेळचा आहे. विकणाऱ्याने धान्य खोटे दिले नव्हते. त्याने फक्त ओले खाली ठेवले होते.

स्टाइनमन यांच्या छायाचित्राखाली जे ठेवले होते ते असे. त्यांना २००७ साली याच रोगाचे, स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे, निदान झाले. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतःच्या डेंड्रायटिक पेशींपासून केलेल्या लसी स्वतःवर घेतल्या, इतर उपचारही घेतले. ते सुमारे साडेचार वर्षे जगले. या रोगात हा काळ मोठा आहे. तथापि तो लसींमुळे मिळाला की इतर उपचारांमुळे, हे एका माणसावरून कुणालाही सांगता येत नाही. ३० सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले. तीन दिवसांनी नोबेल जाहीर झाले. निवड समितीला त्यांच्या मृत्यूची वार्ता नव्हती. मरणोत्तर पारितोषिक न देण्याचा नियम असूनही ते कायम ठेवले गेले. आणि पारितोषिक होते पेशीच्या शोधासाठी, कुठल्या केंद्राच्या इंजेक्शनासाठी नव्हे.

अमेरिकेत २०१० साली याच कुळातील एका उपचाराला, सिपुल्युसेल-टीला, प्रोस्टेटच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगासाठी सरकारी मान्यता मिळाली. चाचण्यांत रुग्णांचे आयुष्य साधारण चार महिन्यांनी वाढल्याचे दिसले. त्या वेळी किंमत होती त्र्याण्णव हजार डॉलर. चार महिने म्हणजे काहीच नाही, असे मी म्हणणार नाही. चार महिन्यांत मुलीचा निकाह होतो, कर्ज फेडता येते, दुरावलेल्या भावाशी बोलणे सुरू होते. पण ‘चार महिने’ हे ‘चार महिने’ म्हणूनच सांगितले पाहिजे. ‘नष्ट करतात’ असे नव्हे. आणि आशा खोटीच असते असेही नाही. टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबई यांच्या संशोधनातून आलेल्या, रुग्णाच्याच टी-पेशी बदलून दिल्या जाणाऱ्या उपचाराला रक्ताच्या काही कर्करोगांसाठी २०२३ साली आपल्या देशात परवानगी मिळाली. ती मिळाली ती चाचण्यांतून जाऊन, किती जणांना लाभ झाला आणि किती जणांना नाही हे मोजून.

मग मी काय विचारायला हवे होते? हा उपचार या रोगासाठी मान्य आहे की प्रयोगावस्थेत आहे? प्रयोग असेल तर देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत त्याची नोंद कोठे आहे? ही नोंदवही कुणालाही पाहता येते. प्रयोग असेल तर रुग्णाकडून पैसे कशाचे घेता? ज्याला वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो तो हानीस जबाबदार, ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. तिचा रोख उपचार करणाऱ्याकडे आहे. पण जो माणूस मिंबरजवळ उभा राहून अशा उपचाराची भलावण करतो, तो किती अंतरावर उभा असतो, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

यंदा दादींच्या नातसुनेला पुन्हा दिवस गेले. पुन्हा तोच कागद, आणि दादी पुन्हा पायरीपाशी. मी दोन दिवस मागून घेतले. नातवाकरवी विचारणा केली: नाळ केव्हा बांधणार, नैतिकता समितीची मंजुरी आहे का, नकार दिला तर बाळंतिणीच्या सेवेत फरक पडणार का, पैशाचा काही व्यवहार आहे का. उत्तरे समाधानकारक आली, तेव्हा म्हणालो की रक्त द्यावे, त्यात सवाबची आशा आहे. दादी गप्प राहिल्या. मग मी सांगितले की बाळाच्या बेंबीला उरलेला नाळेचा तुकडा आठवड्या-दोन आठवड्यांत सुकून गळतो, तो कुणी मागत नाही, तो आणवा. तो आला, औषधाच्या एका रिकाम्या डबीत, घाटातून एसटीने. दादींनी स्वतः फणसाखाली खड्डा खणवून घेतला.

त्या टेम्पोचालकांच्या घरी जायला मला अधिक वेळ लागला. त्यांच्या पत्नीची इद्दत संपून बरेच महिने झाले होते. धाकटे दीर घरात होते. भाभी दाराच्या पडद्याआड बसल्या. मी जे वर लिहिले आहे तेच थोडक्यात बोललो: त्या वेळी मी चौकशी करायला हवी होती, ती केली नाही आणि लोकांना द्यायला लावले. चहा आला. बराच वेळ आतून काही आवाज आला नाही.

“विचारलं असतंत तरी आम्ही गेलोच असतो, मौलाना,” त्या म्हणाल्या. “पण बाग विकायची की ठेवायची, एवढं तरी ह्यांना ठरवता आलं असतं.”